पार्किन्सन्ससाठी ‘नॅनो मँगनीज’चे थेंब वडिलांना द्यावेत का?

नका देऊ. तुम्ही लिहिलंय की वडिलांना पार्किन्सन्स आहे, त्यावरचं लेव्होडोपा हे औषध चालू आहे, आणि ‘शरीरातल्या एन्झाइमचं काम करणारं नॅनो मँगनीज’ म्हणून व्हॉट्सॲपवर कुणीतरी थेंबांची बाटली सुचवलीय. मी डॉक्टर नाही. इंदुरातच रसायनशास्त्र शिकवतो आणि धातूंच्या ऑक्साइडवर थोडंफार काम करतो, तेवढ्यावरून सांगतो.

ही जाहिरात अगदीच हवेतून आलेली नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गोविंदसामी मुगेश यांच्या गटाने २०१७ मध्ये मँगनीज ऑक्साइडचे फुलांच्या आकाराचे नॅनोकण बनवले होते. पेशीत तयार होणारं सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक घातक रूप, सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बदलतं आणि त्या पेरॉक्साइडचं पाणी करायला कॅटालेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही आणखी दोन एन्झाइम असतात. या एकट्या ऑक्साइडने तिन्ही कामं करून दाखवली, आणि पार्किन्सन्ससारखी इजा केलेल्या मानवी पेशी वाचल्या. पण त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या होत्या. तिथून माणसाच्या मेंदूपर्यंत मधे रक्त, यकृत, प्लीहा आणि मेंदूभोवतीचा रक्तअडथळा, एवढं सगळं आहे. शिरेतून दिलेले बहुतेक नॅनोकण तर यकृत-प्लीहाच पकडून ठेवतात.

हे कण काम कसं करतात? धातूचा अणू इलेक्ट्रॉन घेतो, देतो, परत घेतो. निसर्गही तेच करतो. मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या, सुपरऑक्साइड डिसम्युटेजच्या गाभ्यात मँगनीजच असतं. फरक असा की तिथे धातूभोवती प्रथिनाची घडी असते आणि ती ठरावीक रेणूलाच आत येऊ देते. ऑक्साइडचा पृष्ठभाग म्हणजे बिनकुलपाचं दार.

त्यामुळे एकच पावडर जागेनुसार उलटसुलट वागते. लोहाच्या ऑक्साइडचा, मॅग्नेटाइटचा, एन्झाइमसारखा गुण २००७ मध्ये बीजिंगच्या यान शियुन यांच्या गटाने दाखवला, तेव्हापासून या विषयाला खरा वेग आला. तेच मॅग्नेटाइट आम्लात पेरॉक्साइडपासून घातक हायड्रॉक्सिल मूलक (दिसेल त्यावर हल्ला करणारे रेणू) बनवतं आणि आम्लता नसेल तिथे पेरॉक्साइडचं निरुपद्रवी पाणी आणि ऑक्सिजन करतं. सेरियम या दुसऱ्या धातूच्या ऑक्साइडचं गणित कणावरच्या तीन-संयुजी (तीन इलेक्ट्रॉन दिलेल्या) आणि चार-संयुजी (चार दिलेल्या) सेरियमच्या प्रमाणावर चालतं. तीन-संयुजी जास्त असेल तर ते सुपरऑक्साइड हाताळतं, कमी असेल तर कॅटालेजसारखं वागतं. नुसत्या फॉस्फेटनेही हा स्वभाव बदलतो, आणि फॉस्फेट तर रक्तात असतंच. आपल्या राजा रामण्णा केंद्रात, म्हणजे इंदूरकरांच्या ‘कॅट’मध्ये, इंडस-२ या कणत्वरक यंत्राच्या क्ष-किरणांनी हे प्रमाण मोजता येतं. असं मोजमाप त्या बाटलीवर कुणी केलं असेल असं मला वाटत नाही.

आता सर्वात महत्त्वाचं. मँगनीज जास्त झालं तर ते स्वतःच मेंदूच्या त्या भागात साठतं जिथून हालचालींवर ताबा असतो. चालणं बिघडतं, अंग ताठरतं, चेहरा निर्विकार होतो, म्हणजे दिसायला पार्किन्सन्सच. त्याला मँगनिझम म्हणतात. स्कॉटलंडमध्ये मँगनीजचं खनिज दळणाऱ्या कामगारांत कूपर यांनी १८३७ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. आपल्या बालाघाटकडच्या खाणींतून निघतं ते हेच खनिज. जादा मँगनीज पित्तावाटे बाहेर पडतं, त्यामुळे यकृत अशक्त असेल तर धोका वाढतो. मँगनिझमवर लेव्होडोपाचा फारसा उपयोगही होत नाही. म्हणजे उद्या वडिलांचा त्रास वाढला, तर आजार वाढला की थेंबांनी वाढवला, हे डॉक्टरांनाही चटकन कळणार नाही.

या कणांचा उपयोग पोटात किंवा मेंदूत होण्याआधी दातांवर होईल, असा माझा अंदाज. फेरुमॉक्सिटॉल हे लोहकणांचं औषध अमेरिकेत २००९ पासून पंडुरोगासाठी मान्य आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये ते पेरॉक्साइडबरोबर उंदरांच्या दातांवर लावून कीड रोखली. दातांवरचा जंतूंचा थर आम्लधर्मी, म्हणून घातक मूलक नेमके तिथेच तयार होतात. शिवाय काम झालं की चूळ भरून टाकता येते. इथे उलटा स्वभावच कामी आला, हे मला फार आवडतं.

थेंब आधीच दिले असतील तर घाबरू नका. बंद करा आणि पुढच्या भेटीत बाटली न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवा. कसलं टॉनिक किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण लोहामुळे लेव्होडोपाचं शोषण कमी होतं. लेव्होडोपा मात्र आपल्या मनाने एक दिवसही थांबवू नका.