सप्टेंबरात पिचर कसे सांभाळायचे

अरे टेन्शन घेऊ नकोस, फॅन्टसी बेसबॉलच्या (खऱ्या खेळाडूंची टीम बनवून त्यांच्या आकड्यांवर खेळायचा गेम) पहिल्याच सीझनला सप्टेंबरपर्यंत, म्हणजे शेवटच्या महिन्यापर्यंत झुंजतोयस हेच भारी आहे. आता फक्त नाव बघून पिचर (बॉल टाकणारा) खेळवणं सोड, नवीन लोकांची सगळ्यात कॉमन चूक हीच. प्लेऑफ पक्कं झालेली खरी टीम आपल्या एसला (सगळ्यात भारी पिचरला) आराम देते, तरुण पिचरना मोजक्याच इनिंग्ज टाकायला देतात, म्हणून लाइनअप लॉक व्हायच्या (त्या दिवशीचे खेळाडू बदलायची मुदत संपायच्या) आधी रोज चेक करच.

- आठवड्यात दोन स्टार्ट (मॅचच्या सुरुवातीपासून बॉल टाकायची पाळी) आहेत म्हणून कोणालाही उचलू नको. त्यातला एक डेन्व्हरच्या कूर्स फील्ड स्टेडियमवर असेल तर ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या नावावर लागलेले रन) आणि व्हिप (दर इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक) दोन्हीची वाट लागते, हे आकडे कमी असलेलेच चांगले, १६०० मीटर उंची, हवा विरळ, कर्व्हबॉल (हवेत वळणारा बॉल) धड वळतच नाही
- ईआरएत पुढे असशील तर डळमळीत पिचर सरळ बेंचवर बसव, पण लीगची किमान इनिंग्जची अट आधी पूर्ण कर

क्लोजरचं (शेवटच्या इनिंगला येऊन मॅच संपवणाऱ्या पिचरचं) गणित पुढच्या सीझनला बघू.