आवड वेगळी, अंदाज वेगळा

या वेळचं वाचकांच्या प्रश्नांचं सदर दोघांनी मिळून सिनेमे पाहणाऱ्या आणि पुरस्कारांचे अंदाज बांधणाऱ्या जोडप्यांच्या पत्रांसाठी.

प्रश्न : आम्ही दोघं दरवर्षी ऑस्करचा अंदाज लावतो. मी एक नाव सांगते, आमचे मालक दुसरं. निकालाच्या दिवशी दोघंही चुकलेले, आणि वरून भांडण की कुणाचा सिनेमा चांगला होता. आम्ही चुकायलोत कुठं? (लातूर)

तुम्ही दोन प्रश्नांना एकच उत्तर लिहिताय, तिथं चुकतंय. ‘मला कोणता आवडला’ हा एक प्रश्न. ‘मतदार कोणाला निवडतील’ हा दुसरा. पहिल्यात कुणी चूक नसतं, दुसऱ्यात मार्क मिळतात किंवा जातात. दोन्ही एकाच ओळीत लिहिलं की आवडत्या सिनेमाला जिंकवायचा मोह होतो, आणि तो हरला की आपली आवडच हरली असं वाटून भांडण लागतं.

साधी शाळेची वही घ्या. एका विभागाला एक पान, मधोमध उभी रेघ. डावीकडं ‘आवडला’, उजवीकडं ‘जिंकेल’. उजव्या बाजूला नावाखाली एका ओळीत कारण लिहायचं, आणि ते मतदारांबद्दलचं हवं. ‘छायांकन फार सुंदर आहे’ हे तिथं चालणार नाही, ते डावीकडं. ‘छायाचित्रकारांच्या संघटनेनं यालाच निवडलं’ हे उजवीकडचं कारण.

नामांकनं जाहीर झाली की पहिला अंदाज पेन्सिलनं लिहा. दिग्दर्शक, निर्माते, कलाकार यांच्या संघटनांचे पुरस्कार झाले की दुसरा अंदाज पेनानं. पहिला खोडू नका. निकालानंतर दोन्ही शेजारी ठेवले की मत बदलल्यानं फायदा होतो का तोटा, हे दोनतीन वर्षांत स्वतःबद्दल कळतं. काही माणसं घाईत बरोबर असतात आणि विचार करून चुकतात.

गुणांसाठी नुसतं बरोबर-चूक मोजू नका, खात्रीला वजन द्या. २०२६ पासून पात्रनिवडीचा विभाग वाढल्यानं ऑस्करचे विभाग २४ झालेत. ज्याची सर्वांत जास्त खात्री त्याला २४, त्याखालोखाल २३, असं करत शेवटच्याला १. प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा, एकूण ३०० गुण. यात बहुतेकांचा घोटाळा एकच होतो. लाडक्या सिनेमाला २४ देतात आणि एका फटक्यात खाली येतात. लघुपटांचे तीन विभाग असतात, तिथं आधीचे इशारे फारच कमी मिळतात. १, २, ३ हे आकडे त्यांच्यासाठी राखून ठेवा.

दोघांनी वेगवेगळं लिहा, पाकिटात घालून चिकटवा, आणि निकालाच्या सकाळीच फोडा. पैसे लावू नका. हरणाऱ्यानं महिनाभर सकाळचा चहा करायचा, एवढी पैज पुरेशी आहे.

प्रश्न : ज्या सिनेमाला सर्वांत जास्त नामांकनं, तोच सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरायला हवा ना? या हिशेबानं आम्ही दोन-तीनदा सपशेल फसलो. (नांदेड)

नामांकनांचा आकडा सांगतो की सिनेमा किती जणांच्या नजरेत आहे. किती जणांना तो मनापासून हवा आहे आणि किती जणांना नकोसा आहे, हे त्यातून कळत नाही. ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला २०२२ मध्ये १२ नामांकनं होती, मिळाला फक्त दिग्दर्शनाचा पुरस्कार. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘कोडा’. त्याला एकूण नामांकनं तीन, दिग्दर्शनाचं नाही, संकलनाचंही नाही. तिन्ही जिंकला.

याचं कारण मतमोजणीत आहे. बाकीच्या विभागांत ज्याला जास्त मतं तो विजयी. सर्वोत्कृष्ट चित्रपटाला मात्र मतदार पसंतीक्रम लिहितात. तुमच्यापैकी कुणी पदवीधर मतदारसंघात मत दिलं असेल तर ही पद्धत ओळखीची आहे : उमेदवारापुढं १, २, ३ लिहायचं. ऑस्करमध्ये हे २००९ च्या चित्रपटांपासून सुरू आहे, आणि आता नामांकनं दहा असतात.

समजा मतदार १०० आणि सिनेमे तीनच. पहिल्या पसंतीची मतं : क ला ४०, ख ला ३२, ग ला २८. निम्म्याहून जास्त कुणालाच नाहीत, म्हणून सर्वांत मागचा ग बाद. आता ग च्या २८ मतपत्रिकांवर दुसरी पसंती पाहायची. २२ जणांनी ख लिहिलंय, ६ जणांनी क. ख झाला ५४, क झाला ४६. पहिल्या फेरीत आठ मतांनी मागं असलेला ख जिंकला.

आता वरचं उदाहरण घरी करून पाहा. जेवायला आठ-दहा पाहुणे असतील त्या दिवशी पाच सिनेमांची नावं चिठ्ठ्यांवर द्या, पसंतीक्रम लिहून घ्या आणि पाटावर गठ्ठे लावून मोजा. एक गठ्ठा उचलून दुसऱ्या गठ्ठ्यांवर वाटताना सगळं उलगडतं. लोक ज्यावरून दोन तट पाडून भांडतात तो सिनेमा पुढं असून अडकतो. जो कुणाचा दुसरा, कुणाचा तिसरा असतो, तो वर सरकतो. म्हणून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पानावर ‘कुणाला सर्वांत जास्त आवडला’ याच्या जोडीला ‘कुणाला फारसा खटकला नाही’ हेही लिहा.

निर्मात्यांच्या संघटनेचा पुरस्कारही पसंतीक्रमानंच ठरतो, त्यामुळं या विभागासाठी तो सर्वांत कामाचा इशारा. ‘कोडा’ आधी तिथं जिंकला होता. तरी तोही चुकतो : ‘१९१७’ तिथं जिंकला आणि ऑस्कर ‘पॅरासाइट’नं नेलं.

प्रश्न : अभिनयाच्या विभागात कुणाचं ऐकावं? मिसेस ब्रिटिश पुरस्कार बघते, मी अमेरिकन कलाकार संघटनेचा. (छत्रपती संभाजीनगर)

दोन्ही एकाच नावावर आले तर डोळे झाकून वरचा आकडा द्या. प्रश्न येतो तो दोन्ही वेगळे गेले की.

२०२१ मध्ये कलाकार संघटनेनं चॅडविक बोसमन आणि व्हायोला डेव्हिस यांना निवडलं. बाफ्टानं, म्हणजे मिसेसच्या ब्रिटिश पुरस्कारांनी, अँथनी हॉपकिन्स आणि फ्रान्सिस मॅकडॉरमंड यांना. ऑस्कर बाफ्टाच्या बाजूनं गेलं, दोन्हीकडं. २०२५ मध्येही तसंच : संघटनेकडून टिमोथी शॅलामे आणि डेमी मूर, बाफ्टाकडून एड्रियन ब्रोडी आणि मायकी मॅडिसन, आणि ऑस्कर ब्रोडी-मॅडिसनला. पण मधल्या २०२३ मध्ये नेमकं उलटं झालं. बाफ्टा ऑस्टिन बटलर आणि केट ब्लँचेट यांना, ऑस्कर मात्र संघटनेच्या ब्रेंडन फ्रेझर आणि मिशेल यो यांना.

तेव्हा मिसेसचं पारडं थोडं जड आहे, थोडंच. कारणही आहे. कलाकार संघटनेचे मतदार लाखाहून जास्त, त्यांतले बहुतेक ऑस्करला मत देत नाहीत. ऑस्करचे मतदार दहा हजारांच्या आसपास, आणि गेल्या दशकात त्यांत अमेरिकेबाहेरच्या सभासदांची भर बरीच पडली. फाटाफूट झाली असेल तिथं दोघांनीही १० च्या वरचा आकडा देऊ नये, असं आमचं मत.

दिग्दर्शनाला मात्र बिनधास्त वरचा आकडा द्या. दिग्दर्शकांच्या संघटनेनं निवडलेल्याला ऑस्कर मिळालं नाही, असं १९४८ सालच्या सुरुवातीपासून २०२५ पर्यंत फक्त ८ वेळा झालं.

प्रश्न : वेशभूषा, कला दिग्दर्शन, ध्वनी हे आम्हाला कळतच नाही. अंदाजे ठोकून द्यायचं का? (जालना)

नामांकन त्या-त्या कामातले लोक करतात : संकलक संकलनाला, वेशभूषाकार वेशभूषेला. शेवटचं मत मात्र सगळ्या शाखांचे सभासद सगळ्या विभागांत देऊ शकतात. म्हणजे वेशभूषेला मत देणारा कदाचित ध्वनिमुद्रक असतो. तो बारकाव्यापेक्षा डोळ्यांत भरणारं काम निवडतो. वेशभूषेचं ऑस्कर गेली कित्येक वर्षं जुन्या काळाला किंवा कल्पनेतल्या जगाला जातंय, आजच्या साध्या शर्ट-पँटच्या सिनेमाला नाही. आजच्या काळातल्या पात्राचा विटलेला सदरा नेमका शोधणं हे फार अवघड काम आहे, पण त्याला बक्षीस मिळत नाही, याचं वाईट वाटतं. तो सदरा डावीकडच्या रकान्यात जरूर लिहा. भारतीयाला मिळालेलं पहिलं ऑस्कर याच विभागातलं : कोल्हापूरच्या भानू अथैया, ‘गांधी’, १९८३.

२०२६ पासून नियम आहे की ज्या विभागात अंतिम मत द्यायचं, त्यातले सगळे नामांकित सिनेमे पाहिलेले हवेत. त्यानं सवयी किती बदलतात ते दोनतीन वर्षं वहीत नोंदवा.

प्रश्न : आमच्याकडं नामांकनातले दोन-तीनच सिनेमे लागतात. बाकीचे न बघता अंदाज करणं म्हणजे फसवणूक नाही का? (परभणी)

उजवा रकाना न बघता भरता येतो, कारण तो मतदारांचा अभ्यास आहे. डावा भरायचा नाही. न पाहिलेल्या सिनेमापुढं आडवी रेघ मारा, परीक्षण वाचून मत उसनं आणू नका. ओटीटीवर आला की पाहा आणि तारीख घालून लिहा. मे-जूनमध्ये भरलेला डावा रकाना अनेकदा जास्त प्रामाणिक असतो, कारण निकालाचा गलबला संपलेला असतो. जानेवारीत संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. परभणीहून रेल्वेनं जाता येतं, आणि तिथली भारतीय सिनेमांची स्पर्धा तर अंदाज बांधायला उत्तम. बहुतेक सिनेमांबद्दल कुणीच काही लिहिलेलं नसतं.

प्रश्न : राष्ट्रीय पुरस्कारांचा अंदाज असाच लावता येईल का? मराठीत कोण, यावर आमच्या घरात पैज असते. (धाराशिव)

असाच नाही. तिथं हजारो मतदार नाहीत, मोजक्या लोकांची ज्युरी असते आणि ती दरवर्षी बदलते. कथापटांसाठी आधी विभागीय ज्युरी, मराठी त्यांतल्या पश्चिम विभागात, मग केंद्रीय ज्युरी. आधीचे इशारे जवळजवळ नसतातच. त्यामुळं मार्क देण्यापेक्षा तीन नावांची यादी करा, त्यांत विजेता आला की गुण.

पहिली चूक वर्षाची होते. पात्रता ठरते सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरून, थिएटरात कधी लागला त्यावरून नाही. ‘कोर्ट’ एप्रिल २०१५ मध्ये थिएटरात आला, पण २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याची निवड त्याआधीच मार्चमध्ये जाहीर झाली होती. आणि २०२३ सालचे पुरस्कार जाहीर झाले १ ऑगस्ट २०२५ ला, त्यांत मराठीत ‘श्यामची आई’. १९५३ च्या पहिल्याच वर्षाचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक जुन्या ‘श्यामची आई’ला मिळालं होतं. तेव्हा यादी करताना सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर दिसणाऱ्या प्रमाणपत्रावरची तारीख टिपून ठेवा. ते काही सेकंदच दिसतं, एकानं फक्त तेच वाचायचं.

मराठी सिनेमा ‘ऑस्करला गेला’ असं बातमीत आलं की पत्रं येतात, म्हणून एवढंच : देशाकडून एक सिनेमा पाठवला जातो. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, ‘कोर्ट’ असे गेले, पण नामांकन मिळालं नाही. पाठवणं आणि नामांकन यांत डिसेंबरची १५ सिनेमांची यादी असते, आधी ती पाहा.

प्रश्न : सिनेमा संपला की हे लगेच निकाल देतात, “बंडल होता”. मग मला वाटलेलं मी बोलतच नाही. (बीड)

पहिलं बोलणाऱ्याचं मत दुसऱ्यावर बसतं. तुमचं मत तयार व्हायच्या आधीच तुम्ही त्यांच्या मताला उत्तर द्यायला लागता. उपाय साधा आहे, पण पाळावा लागतो : मध्यंतरात मत नाही, आणि बाहेर पडल्यावर घरी पोचेपर्यंत नाही. घरी आल्यावर दोघांनी आपापल्या मोबाइलवर तीन ओळी लिहायच्या. मनात राहिलेलं एक दृश्य. अभिनय सोडून एक चांगलं काम, मग ते प्रकाश असो, आवाज असो, कुठं कापलं ते असो. आणि लक्ष उडालं ती जागा. मग मोबाइल बदलून वाचायचं. ‘बंडल’ हा शब्द तीन ओळींत बसत नाही, त्यांना जागा दाखवावी लागते. आठवडाआड पहिलं बोलायची पाळी तुमची, हेही ठरवून घ्या.

प्रश्न : ऑस्करचा सोहळा आपल्याकडं नेमका किती वाजता? गेल्या वेळी उठलो तर अर्धा झालेला. (हिंगोली)

तिकडं रविवार संध्याकाळ, म्हणजे इथं सोमवार पहाट. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासानं पुढं करतात, घोळ तिथं होतो. २०२४ मध्ये सोहळा त्याच रविवारी होता, आपल्याकडं पहाटे ४:३० ला सुरू झाला. २०२५ मध्ये २ मार्चला, घड्याळं बदलायच्या आधी, म्हणून ५:३० ला. तारीख कळली की आधी दुसरा रविवार कोणता ते पाहा आणि त्यावर गजर लावा. रात्री मोबाइल पूर्ण चार्ज करून ठेवा, पहाटे लाइट जाते. चिकटवलेली पाकिटं टीव्हीजवळ ठेवा, आणि कात्रीही.