गच्ची, न्हाणीघर आणि नावावरचं घर

सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपली, थंडी पाय काढते आहे, आणि गच्चीबद्दलची पत्रं यायला लागली आहेत. गेल्या पंधरवड्यातल्या पत्रांपैकी पाच इथे घेतो; आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर. मी चौतीस वर्षं बांधकामावर काढली, त्यामुळे विटा-सिमेंटच्या उत्तरात माझा हात चालतो. कागदपत्रांबद्दल आणि माणसांबद्दल जे लिहितो ते निवृत्त मित्रांबरोबर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढून शिकलेलं आहे.

जुळे सोलापुरात १९९६ साली बांधलेलं घर आहे. पावसाळ्यात वरच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल येते, उन्हाळ्यात त्याच खोलीत दुपारी बसवत नाही. निवृत्तीचे पैसे नुकतेच हातात आले. मुलगा म्हणतो सोलर बसवा, गवंडी म्हणतो सगळा कोबा फोडून नवीन करू. आधी काय करू?

आधी पाणी कुठून आत शिरतं ते शोधा. ओल कोपऱ्यात दिसते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे सगळा कोबा (स्लॅबवरचा सिमेंटचा थर) खराब असण्याचा संभव कमी. स्लॅबच्या घरात पाणी बहुतेक वेळा तीनच ठिकाणांहून उतरतं: कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तो सांधा, पावसाच्या पाइपचं तोंड, आणि पाण्याच्या टाकीखालची जागा. सकाळी कोवळ्या उन्हात गच्चीवर जा आणि लहान हातोडीने ठोकत ठोकत फिरा. कोबा जिथे धरून आहे तिथे खणखणीत वाजेल, जिथे सुटलाय तिथे बद्द वाजेल. बद्द वाजणाऱ्या जागेभोवती खडूने रेघ मारा. गच्ची संपेपर्यंत तुमच्यासमोर नकाशा तयार होतो, आणि गवंड्याशी बोलताना तो फार कामाला येतो.

मग पाइपचं तोंड गोणपाटाने बंद करून दोन बोटं पाणी बांधून ठेवा, २४ तास. (खालून स्लॅबची खपली निघून गज दिसत असतील तर हे करू नका, आधी जाणकाराला दाखवा.) नळाला पाणी रोज येत नाही, हे ठाऊक आहे. म्हणूनच हे काम पाणी आलेल्या दिवशी करा, आणि नंतर ते पाणी झाडांना सोडा. खाली डाग कुठे वाढला ते पेन्सिलीने भिंतीवर आखून ठेवा. पाणी सोडताना एक पाहा: ते पाइपाकडे धावतं की मध्ये डबकं धरतं? दहा फुटांमागे सव्वा इंच तरी ढाळ हवा.

दुरुस्ती एवढीच: खडू मारलेला कोबा तेवढ्यापुरता काढून नवा, भेगा व्ही आकारात खोदून पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरायच्या, कठड्याच्या मुळाशी गोल वाटा मारायचा (म्हणजे सांध्याचा कोपरा सिमेंटने गोलसर करायचा), आणि सगळं कोरडं झाल्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मध्ये जाळी. मार्च-एप्रिल त्यासाठी चांगला, कारण गच्ची आतपर्यंत वाळलेली असते. पण सिमेंटचं काम सकाळी सहा ते दहा या वेळातच करून घ्या आणि लगेच ओली पोती टाका. आपल्या उन्हात दुपारी मारलेला गिलावा संध्याकाळपर्यंत तडकतो, आणि गवंडी मग सिमेंटला दोष देतो.

उष्णतेला सर्वांत स्वस्त उपाय पांढरा रंग. मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो तेव्हा काळपट कोब्यावर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही, पांढऱ्यावर ठेवता येतं. हाच फरक खालच्या खोलीत उतरतो. चुना दरवर्षी धुऊन जातो, तो दर उन्हाळ्यात मारावा लागतो. ऊन परतवणारा तयार रंग काही वर्षं टिकतो. ज्यांना पुन्हा पुन्हा वर चढायचं नाही त्यांनी पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करावा.

सोलर या सगळ्यानंतर. पॅनेल बसल्यावर त्याखालची गळती दुरुस्त करणं म्हणजे पाय रोवलेल्या मंडपाखाली फरशी बसवणं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. ७८,००० ऐकून लोक तीन किलोवॉट बसवतात. तुम्ही आधी वर्षभराची बिलं काढा. आपल्याकडे एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो, महिन्याला १२०. दोघांच्या घरात एसी नसेल तर एक किलोवॉट बहुधा पुरतो, आणि त्याला शंभर चौरस फूट जागा लागते. ठेकेदाराला बजावून सांगा: कोब्यात भोक पाडायचं नाही, सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा करायचा.

जाता जाता, जुन्या पेठांतल्या माळवदाच्या, म्हणजे लाकडी सरांवर मातीचं छत असलेल्या घरात राहणाऱ्यांना: माळवदावर सिमेंटचा थर ओतू नका. लाकडी सरांना ते ओझं पेलत नाही आणि आत अडकलेली ओल लाकूड कुजवते. मृगाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर देण्याची आजोबांची रीत बरोबर होती.

सासूबाईंनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. आता दर वर्षी हयातीच्या दाखल्याला मशीनवर बोटांचे ठसेच उठत नाहीत. या वेळी त्यांची पीएफची पेन्शन थांबली आहे. आम्ही कुंभारीला राहतो.

ज्या बोटांनी घर चालवलं त्याच बोटांची ओळख पटत नाही, हे वाचून वाईट वाटलं. पण यावर उपाय आहे. ठशाऐवजी चेहऱ्यावरून दाखला काढता येतो. स्मार्टफोनवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप घ्यावी लागतात. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, बँक खातं आणि मोबाइल जवळ ठेवा. सासूबाईंना दाराकडे तोंड करून बसवा, म्हणजे उजेड चेहऱ्यावर येईल, पाठीमागून नको. ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं. ते तुम्ही मोठ्याने सांगा. तुमचा फोन चालेल, त्यांचाच हवा असं नाही. फोनवर जमलं नाही तर पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो. जवळच्या टपाल कार्यालयात मागणी नोंदवा.

आणखी एक: १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत दाखला नोव्हेंबरमध्येच द्यावा लागत नाही. कोणत्याही महिन्यात दिला की तिथून वर्षभर चालतो. थांबलेली पेन्शन दाखला पोचल्यावर मागील बाकीसह मिळते, तेव्हा खचू नका.

यजमान ७१ वर्षांचे आहेत. दिवाळीत न्हाणीघरात पाय घसरून पडले, थोडक्यात वाचले. मी आधाराचा दांडा बसवू म्हणते, ते म्हणतात, ‘घराचा दवाखाना करू नको.’ खाली जुनी शहाबादी फरशी आहे.

ताई, हे काम या आठवड्यात करा. गच्ची, रंग, पडदे, सगळं मागे ठेवा.

माझे वडील न्हाणीघरात तोल जाताना नळ धरायला गेले. नळ हातात आला आणि ते पडले. खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर ते पुन्हा स्वतःच्या पायांनी अंगणात आले नाहीत. मी तेव्हा दुसऱ्यांच्या इमारती बांधत होतो. घरातल्या न्हाणीत एक दांडा लावायला मला वेळ झाला नव्हता. हे मी दर वेळी सांगतो, कारण प्रत्येकाला वाटतं पुढच्या महिन्यात करू.

कोणाच्याही न्हाणीघरात गेलो की मी आधी भिंती पाहतो. दारातून आत वळताना, कमोडवरून उठताना, बादलीपाशी वाकताना माणूस नकळत जिथे हात टेकतो तिथे भिंतीवर एक मळकट, तुळतुळीत ठसा उमटलेला असतो. तुमच्याकडेही असेल. दांडा तिथेच हवा. पुस्तकात उंची जमिनीपासून सुमारे ३३ इंच दिली आहे, पण त्यांचा हात जिथे जातो ती उंची खरी. म्हणून यजमानांच्याच हातात खडू द्या आणि म्हणा, ‘मला उठताना त्रास होतो, कुठे लावू ते तुम्ही दाखवा.’ हे खोटं नाही. दांडा तुम्हालाही लागणारच आहे.

दांडा स्टेनलेस स्टीलचा, मुठीत नीट मावेल असा, म्हणजे सव्वा ते दीड इंच जाडीचा, आणि भिंतीपासून दीड इंच सुटा. टॉवेलची दांडी आधाराला धरायची नसते, ती दोन स्क्रूंवर लटकलेली असते. अँकर बोल्ट विटेत जायला हवा, नुसत्या गिलाव्यात नको. बसवल्यावर मिस्त्रीला सांगा, ‘तूच लोंबकळून दाखव.’ तो कचरला तर काम पुन्हा करून घ्या.

शहाबादीवर वर्षानुवर्षं साबण आणि खारं पाणी बसून ती काचेसारखी होते. ती उखडायची गरज नाही. पाट्याला टाकी लावतो तशी फरशीला हलकी टाकी मारून घ्या, पाय धरतो. न्हाणीच्या तोंडचा उंबरा दोन इंचांहून उंच असेल तर तिथे छोटा उतार करा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दार. ते आत उघडत असेल तर बाहेर उघडणारं करा. आत पडलेला माणूस दारालाच टेकलेला असतो, मग बाहेरून ढकलता येत नाही आणि कुऱ्हाड शोधावी लागते. कडी बाहेरूनही उघडेल अशी लावा. खाटेपासून न्हाणीपर्यंत रात्रभर एक बारका दिवा राहू द्या.

मी ७४ वर्षांचा, निवृत्त शिक्षक. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. विजापूर रोडवर स्वतःच्या कमाईचं घर आहे. पुण्यातला मुलगा म्हणतो, घर विकून पुण्यात मोठा फ्लॅट घेऊ, तुम्ही आमच्याकडे या. नाहीतर निदान बक्षीसपत्र तरी करा. मुलगी हैदराबादला असते, ती काही बोलत नाही.

गुरुजी, तुमचा मुलगा वाईट नाही. रात्री दोनला फोन वाजला तर चार तासांच्या अंतरावर आहोत, ही धास्ती त्याला असणार. पण विचारतोय तो घराचं, आणि तुमच्या मनात प्रश्न आहे राहण्याचा. हे दोन वेगळे करा.

आधी राहून पाहा. घराला कुलूप लावा, किल्ली शेजाऱ्यांकडे द्या, आणि जूनपासून संक्रांतीपर्यंत पुण्यात राहा. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने मनात आलं की जाता-येता येतं. एसटीला पासष्टीनंतर निम्मं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी पूर्ण झाली की राज्यात प्रवास फुकट. तिथे सकाळी फिरायला कोणाबरोबर जाता, दुपारी दार कोण वाजवतं, ते बघा. संभाजी तलावावर रोज भेटणारी चार माणसं तुम्हाला तिथे कोणी विकत देणार नाही. हा काळ संपला की तुमचं उत्तर तुम्हालाच मिळेल. तोपर्यंत कशावरही सही नको.

आता कागद. बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्याच दिवशी तुमचं राहत नाही. मृत्युपत्र तुमच्यामागे लागू होतं आणि हयातीत हवं तितक्या वेळा बदलता येतं. ते साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, पुढचे वाद टळतात. साक्षीदार म्हणून ज्यांना काही मिळणार आहे त्यांना घेऊ नका. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला, असंही समजू नका. तो पैसे वारसांसाठी सांभाळणारा असतो.

बक्षीसपत्र करायचंच ठरलं तर ‘माझा सांभाळ करावा’ ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातलं कलम २३ त्यावर उभं आहे: अट पाळली नाही तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईची मालमत्ता अशाच प्रकरणात तिला परत दिली. पण कोर्टाची पायरी कोणाला चढायला हवी आहे? घर विकून पुण्यात फ्लॅट घेतलात तर खरेदीखतावर तुमचं नाव आणि हिस्सा हवा. विक्रीच्या नफ्यावरचा कर वाचवायलाही नवं घर तुमच्या नावावर लागतं. सीएला आधी विचारा.

आणि गुरुजी, मुलीला फोन करा. ‘ती काही बोलत नाही’ हे वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत. तिला मागायचं नसेल, पण वडिलांनी विचारावं एवढं तरी वाटत असेल. मुलाला आणि तिला एकाच दिवशी घरी बोलवा, कागद करण्याच्या आधी.

यजमान गिरणीत जॉबर होते. घरी बसल्यापासून मिक्सर, पंखा, शिलाई मशीन, सगळं खोलून ठेवतात. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. काही बोललं तर गप्प बसतात.

आयुष्यभर शेकडो मागांचा आवाज ऐकून कुठला धागा तुटला ते ओळखणारा माणूस आहे हा. त्याचे हात थांबवू नका, त्यांना जागा द्या. मागच्या ओसरीत चार फूट बाय अडीच फुटांचं टेबल, वर दोन फळ्या, खिडकी डाव्या हाताला. बारीक काम सकाळच्या उजेडात. मोतीबिंदू तपासून झाला नसेल तर तोही तपासून घ्या. नियम एकच ठेवा: उघडलेली वस्तू जोडून चालू केल्याशिवाय दुसरीचा स्क्रू फिरवायचा नाही. शेजारच्या दोन घरांना सांगा, पंखा किंवा इस्त्री बिघडली तर इकडे आणा. कोणी तरी दारात वस्तू घेऊन उभं राहिलं की त्यांचं गप्प बसणं कमी होईल.

आणि तुमचं काय? तुम्ही स्वयंपाकातून कधी निवृत्त झालात? चार वाजताचा चहा आजपासून त्यांच्याकडे द्या, दोघांचा. टेबलाची उंची मात्र आधी मोजून घ्या. त्यांना ताठ उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा, आणि कोपराच्या चार बोटं खाली फळी येऊ द्या.