नाईट करून आल्यावर छातीवर बसतं ते काय?

तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरेतुरे करते, रागावू नकोस. मी नर्स होते, नोकरी बेळगावातच गेली, आणि नाईट ड्यूटी म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायला नको.

इतरांसाठी, ग्रुपवर या मुलानं विचारलेला प्रश्न थोडक्यात. उद्यमबागेत मशिनशॉपला काम, दर आठवड्याला शिफ्ट बदलते, वडगावात खोली. नाईटच्या आठवड्यात दिवसा झोपला की मध्येच डोळे उघडतात, वरचा पंखा दिसतो, पण हातपाय हलत नाहीत, ओरडायला आवाज फुटत नाही. दाराशी कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, मग ते येऊन छातीवर बसतं. खानापूरकडची आजी म्हणते, "वर बसालंय काहीतरी, उशाखाली कोयता ठेव." मित्र म्हणतो कुंडलिनी जागी होतेय. याला स्वतःला वाटतंय की वेड लागायची ही सुरुवात. त्यात योगनिद्रेचा ऑडिओ लावून पडायला लागल्यापासून प्रकार वाढलाय.

तर भूत नाही, कुंडलिनी नाही आणि वेडही नाही. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, आणि तुला वाटतं त्यापेक्षा हे फार लोकांना होतं. 2011 साली आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला, त्यात सर्वसाधारण लोकांपैकी साधारण 8 टक्क्यांना आणि विद्यार्थ्यांपैकी 28 टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला निघाला. विद्यार्थी जास्त का, ते परीक्षेच्या दिवसांतली त्यांची झोप आठवली की कळेल.

आम्ही शिकत होतो तेव्हा हॉस्टेलला कोपऱ्यातली एक खोली होती. तिथं 'बसतं' अशी ख्याती. आमच्या खानापूर-चंदगडच्या मुली म्हणायच्या मुंजा आहे, मागं पिंपळ होताच. गोकाक, बैलहोंगलकडच्या कन्नड मुली म्हणायच्या देव्व, म्हणजे भूत. एका ख्रिश्चन मुलीनं भिंतीला क्रूस लावला होता. आणि गंमत अशी, की तिघींनाही होत होतं ते तंतोतंत एकच: अंग जखडतं, खोलीत कोणीतरी आहे, छाती दाबली जाते. पुढं वॉर्डात काम करायला लागल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती खोली सगळ्यात अंधारी आणि शांत, म्हणून मेट्रन नाईट करून आलेल्या मुलींना तीच द्यायच्या. पिंपळ दुसऱ्या खोल्यांच्या मागंही होता, पण तिथं रात्री झोपणाऱ्या मुली राहायच्या.

आता नाईटचा आणि याचा संबंध. 1953 साली शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी पाहिलं, की झोपेच्या काही टप्प्यांत माणसाची बुबुळं पापणीआड झराझरा फिरतात. त्या झोपेला रेम झोप म्हणतात आणि ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक त्यातच पडतात. स्वप्नात आपण पळतो, मारामारी करतो, पण अंथरुणात पडून राहतो, कारण त्या वेळी मेंदूच्या देठातून स्नायूंना जाणारे हुकूम अडवले जातात. फ्रान्सच्या मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला तेवढा भाग निकामी केला, तर ती मांजरं रेम झोपेतच उठून न दिसणाऱ्या शिकारीवर झडप घालायला लागली. म्हणजे हा लुळेपणा रोज रात्री आपल्या सगळ्यांना येतो. आपण तेव्हा झोपेत असतो म्हणून कळत नाही. तुझ्या बाबतीत शुद्ध आधी येते आणि स्नायूंचा स्विच काही सेकंद, कधी काही मिनिटं, बंदच राहतो. स्वप्नही अर्धवट चालूच असतं. दाराशी उभा असलेला माणूस त्या स्वप्नातला, आणि पंखा मात्र खरा.

छातीवरचं वजन का, हे नीट समजून घे, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. रेममध्ये दोनच गोष्टी नीट चालतात: डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा पडदा, म्हणजे पोट आणि छाती यांच्या मधला. बरगड्यांमधले स्नायू मात्र सैल पडलेले असतात. तू घाबरून मोठा श्वास ओढायला जातोस, छाती फुगत नाही, आणि मेंदू त्याचा अर्थ लावतो की कोणीतरी वर बसलंय. पडदा आपलं काम करतच असतो. यानं श्वास बंद पडून कोणी मरत नाही.

भीतीचंही तसंच. मेंदूतलं भीतीचं केंद्र रेममध्ये आधीच तापलेलं असतं, म्हणून कारण सापडायच्या आधी भीती येते आणि मग मन कारण शोधतं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचे लोक म्हातारी चेटकीण येऊन बसते म्हणतात. जपानात म्हणतात की धातूनं बांधून टाकलंय. खानापूरच्या रानातल्या माणसाला मुंजाच दिसणार.

रेम झोप सकाळी दाट असते. रात्री झोपणाऱ्याला पहिल्या तासा-दीड तासात गाढ झोप मिळते आणि लांबलचक स्वप्नं पहाटे पडतात. हे शरीरातलं घड्याळ ठरवतं, आणि एका आठवड्याच्या नाईटला ते दाद देत नाही. तू सकाळी सात-साडेसातला आडवा होतोस तेव्हा त्या घड्याळाप्रमाणे रेमची वेळ ऐन भरात असते, वरून झोपेची थकबाकी. मग रेम लवकर आणि जोरात येते. आता तूच सहज लिहून गेलायस ते वाक्य परत वाच: "बहुतेक नळाला पाणी येतं त्या दिवशी होतं, पाणी भरून परत पडलो की." मला तिथंच उत्तर मिळालं. 1992 मध्ये जपानी संशोधकांनी प्रयोगशाळेत हेच केलं होतं. निरोगी माणसांना झोपेतून मध्येच उठवायचं, काही वेळ जागं ठेवायचं आणि परत झोपू द्यायचं. त्यांतल्या काहींना स्लीप पॅरालिसिस झाला, तोही झोप लागताच थेट रेम आली तेव्हा. तुझ्यावर हा प्रयोग महापालिकेचं पाणी करतंय.

म्हणून पहिला उपाय पाण्याचा. घरमालकाला सांगून बॅरलला बॉलकॉक बसवून घे, नाहीतर दिवसपाळीच्या पार्टनरला नाहीतर शेजारच्या काकूंना सांग. त्या बदल्यात त्यांचं काहीतरी काम कर. वडगावात यंत्रमागांच्या खडखडाटाची सवय होते, पण दहा वाजता उठून अर्धा तास बादल्या ओढायची झोपेला कधीच सवय होत नाही. खिडकीला जाड चादर लाव. उताणा झोपू नकोस. हे बहुतेकदा उताणं असतानाच होतं, म्हणून पाठीशी लोड लावून कुशीवर झोप. सुपरवायझर ऐकणारा असेल तर शिफ्ट फर्स्ट, सेकंड, नाईट या क्रमानं फिरू दे म्हणावं. उलट्या क्रमापेक्षा शरीराला ते सोपं जातं. आणि नाईट संपवून क्वार्टर मारून झोपायची काहींची पद्धत असते. तुझी असेल तर सोड. दारू आधी रेम दाबते आणि मग ती उसळून वर येते.

ध्यानाबद्दल ग्रुपवर तुझ्या प्रश्नाखाली दोन गट पडले, एक म्हणतो ध्यानानंच बाधा झाली, दुसरा म्हणतो आणखी कर. मला दोन्ही पटत नाही. झोपेला आचवलेल्या माणसानं सकाळी आठ वाजता उताणं पडून, कानात संथ आवाज लावून, "शरीर जड होतंय" असं ऐकत जागं राहायचा प्रयत्न करायचा, म्हणजे शरीर झोपवून मन जागं ठेवायचा रियाजच झाला. स्लीप पॅरालिसिस म्हणजे दुसरं काय असतं? योगनिद्रा वाईट नाही, तुझी वेळ वाईट आहे. आपल्याकडचे जुने लोक ध्यानातलं विघ्न म्हणून 'लय' सांगतात, मन झोपेत बुडणं. उपायही सांगतात: त्याला जागं करा. घोरत पडलेल्याची कुंडलिनी जागी झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

ध्यान सोडू मात्र नकोस. दुपारी झोप पुरी करून उठल्यावर, चहाच्या आधी, पाठ ताठ ठेवून बस. डोळे अर्धे उघडे, पंधरा-वीस मिनिटं श्वासाकडं लक्ष. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेत विपश्यना करणाऱ्यांची झोप यंत्रावर तपासली, तर ध्यान न करणाऱ्यांच्या मानानं त्यांची गाढ झोप आणि रेम दोन्ही चांगल्या निघाल्या. पण ती मंडळी वर्षानुवर्षं बसणारी होती.

ल्युसिड ड्रीमिंग, म्हणजे स्वप्नात असताना भान ठेवणं, हे ग्रुपवरच्या दुसऱ्या एका सदस्यानं सुचवलंय, पहाटे गजर लावून उठायचं आणि ठरवून परत झोपायचं. स्वप्नात आपण स्वप्नात आहोत हे कळू शकतं, यात खोटं काही नाही. 1975 साली इंग्लंडमध्ये झोपलेल्या माणसानं ठरल्याप्रमाणे डोळे हलवून खूण केली आणि ती यंत्रावर उमटली. पण गजराची ती पद्धत म्हणजे पुन्हा जपानी प्रयोगच. तुला सध्या तो शौक परवडणारा नाही.

आणि प्रत्यक्ष झालं की काय करायचं? धडपडू नकोस. धडपडलास की छाती आणखी जड वाटते. बलंद जलाल या संशोधकानं यासाठी चार पायऱ्या सांगितल्यात. मनात म्हणायचं, हे स्लीप पॅरालिसिस आहे, आत्ता जाईल. मग, घाबरायचं कारण नाही. मग लक्ष त्या आकृतीवरून काढून आत, आपल्याला प्रिय असलेल्या एखाद्या गोष्टीवर लावायचं. आणि अंग हलवायचा प्रयत्न सोडून सैल पडायचं. 2020 मध्ये नार्कोलेप्सीच्या, म्हणजे दिवसाही अनावर झोप येण्याच्या आजाराच्या, मोजक्या रुग्णांवर आठ आठवडे हे करून पाहिलं, तर त्रासाचे दिवस निम्म्यावर आले. रुग्ण फार थोडे होते, तरी यात गमवायचं काही नाही. काहीजण पायाचा अंगठा हलवायला सांगतात. जमलं तर ठीक, पण नाही हलला की भीती दुप्पट होते, म्हणून माझं मत सैल पडण्याकडं. तिसऱ्या पायरीला तुझ्या आजीचं विठ्ठलाचं नाव अगदी चपखल बसतं. तिच्याशी वाद घालू नकोस. कोयता फक्त खाटेखाली ठेव, उशाखाली धार नको. देवऋषाकडं मात्र पैसे घालवू नकोस.

डॉक्टर कधी? हसताना किंवा चिडताना गुडघे एकदम लटके पडत असतील, कामावर उभ्या उभ्या झोप लागत असेल, किंवा घोरता घोरता श्वास अडकतो असं खोलीतला कोणी सांगत असेल, तर थांबू नकोस. झोप नियमित करूनही आठवड्यातून दोन-तीनदा होत राहिलं तरी दाखव. मेडिकलमधून आपल्या मनानं झोपेच्या गोळ्या आणू नकोस. धारवाडच्या डिमहान्समध्ये, म्हणजे मनोविकारांच्या सरकारी इस्पितळात, अशा तक्रारी बघतात. धारवाडचं नाव काढलं की आपल्याकडं लोक कसे बघतात हे मला माहीत आहे, बघू दे. आधी फोनवर बोलायचं असेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, सरकारी नंबर आहे. पैसे लागत नाहीत.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करत जा: कोणती शिफ्ट, किती वाजता पडलास, पाणी आलं होतं का, उताणा होतास का. डॉक्टरांकडं जायची वेळ आलीच तर तेवढं पान फाडून घेऊन जा, त्यांचे निम्मे प्रश्न तिथंच संपतील.