केळीबागेतले हिरवे रंग वेगळे कसे ठेवावेत?

प्रश्न : आमच्या केळीबागेच्या फोटोवरून संगणकाने तयार केलेला क्रॉस स्टिचचा आराखडा मी १४ काउंटच्या (इंचाला १४ घरे असलेल्या) मॅटीच्या कापडावर दोन पदरी दोऱ्याने भरते आहे. चित्र २०० बाय २५० घरांचे असून रंग ६४ आहेत आणि त्यांतले बरेचसे हिरवेच आहेत. दोरे गुंततात, जवळच्या छटांची अदलाबदल होते. एकेक रंग संपवत जावे, की चौकोन पूर्ण करत जावे? — एक वाचक भगिनी, रावेर

उत्तर : ताई, दोऱ्यांआधी आराखड्याकडे पुन्हा पाहावे. उन्हाच्या किंचित फरकालाही संगणक वेगळा रंग मानतो, त्यामुळे आराखड्याच्या शेवटी दिलेल्या यादीत ज्या छटांचे जेमतेम दहा-वीस टाके आहेत आणि तेही विखुरलेले आहेत, त्या शेजारच्या छटेत खुशाल मिसळून टाकाव्यात. पानाच्या कडेवर पडलेल्या उन्हाचा फिकट पिवळा मात्र टाके कमी असले तरी काढू नये, कारण पान पान वाटते ते त्यामुळेच.

आठ मीटरच्या सहापदरी लडीतून या मापाच्या कापडावर साधारण दीड ते पावणेदोन हजार पूर्ण टाके निघतात. आपले चित्र ५०,००० घरांचे आहे, म्हणून मुख्य हिरव्या रंगांच्या लड्या हिशेब करून एकदमच आणाव्यात. पुढे आणलेली लडी त्याच क्रमांकाची असली तरी तिची रंगाई वेगळ्या खेपेतली असू शकते आणि सलग भागात तो फरक पट्ट्यासारखा उठून दिसतो. लडी पुठ्ठ्यावर गुंडाळताना कंपनी, क्रमांक आणि आराखड्यातली त्या रंगाची खूण लगेच लिहावी. डबीत पुठ्ठे खुणांच्या क्रमाने लावावेत. सारखे दिसणारे दोन हिरवे शेजारी ठेवले, की हात चुकलाच म्हणून समजावे.

आता आपला मुख्य प्रश्न. आकाशासारखा सलग भाग एकाच रंगाने भरत जाण्यास हरकत नाही, परंतु पानांच्या गर्दीत दहा बाय दहाचा एकेक चौकोन पूर्ण करणेच मला योग्य वाटते, कारण चुकलेले घर तिथल्या तिथे सापडते. त्या चौकोनातले एका खुणेचे टाके संपले, की दोरा न तोडता सुई पुढच्या चौकोनात त्याच खुणेच्या जवळच्या घराच्या कोपऱ्यातून वर काढावी आणि दोरा तसाच लोंबता ठेवावा. भरतकाम करणाऱ्या यालाच ‘पार्किंग’ म्हणतात. प्रत्येक रंगाला स्वतंत्र सुई द्यावी आणि सुया खुणा लिहिलेल्या थर्माकोलच्या पट्टीवर टोचाव्यात. पुढचे घर इंचभराहून दूर असेल तर दोरा संपवून टाकावा, नाहीतर मागचा लांब धागा कापड ओढतो आणि गडद रंग फिकट भागातून पुढे दिसतो. एका वेळी दहा-बारांहून अधिक दोरे लोंबते ठेवू नयेत.

आपल्याकडच्या उजेडाचा आणि उन्हाळ्याचाही विचार हवा. पिवळ्या दिव्याखाली शेवाळी आणि गडद पोपटी यांतला फरक नीट कळत नाही. म्हणून दिवसभर लागणारे दोरे सकाळच्या उजेडात निवडून, साधारण ४५ सेंटीमीटरचे कापून, सुयांत ओवून पट्टीवर लावून ठेवावेत. मग रात्री रंग निवडायचा प्रश्नच उरत नाही, फक्त खूण पाहून टाके घालायचे असतात. चैत्र-वैशाखात बोटांना घाम सुटतो आणि दोरा लवकर पिसारतो, तेव्हा तो आणखी आखूड घ्यावा. सहापैकी दोन पदर काढून घेतल्यावर उरलेले चार लगेच त्याच पुठ्ठ्यावर गुंडाळावेत, कारण मांडीवर सुटे पडलेले पदर कोणत्या हिरव्याचे होते, हे तासाभराने ओळखणे अवघड जाते.

आतापर्यंत अदलाबदल झालेले टाके दाट पानांत असतील तर उसवू नयेत. पानाच्या कडेवर किंवा मधल्या शिरेवर असतील, तर तेवढे मात्र उसवून पुन्हा भरावेत.