कोल्हापूरहून लहान पोरांना पहिल्यांदा बर्फात न्यायचंय, एक दिवस मजेत जाईल असा प्लॅन कसा करायचा?

पोरं 4 आणि 7 वर्षांची, जानेवारीत मनाली, आणि बर्फासाठी एकच दिवस हातात आहे असं तुम्ही लिहिलंय, तर माझं स्पष्ट मत सांगतो ताई, त्या दिवशी पॉइंट बघत हिंडू नका. एकच जागा धरा आणि तिथंच मनसोक्त खेळू द्या. ड्रायव्हर लांबलचक यादी म्हणून दाखवतो, पण पोरांना बर्फ हातात पाहिजे, बाकी कशाशी देणंघेणं नसतं.

जागा म्हणाल तर सोलांग, मनालीपासून जवळ आणि उंची साधारण 2,500 मीटर. तिथं बर्फ कमी असेल तर अटल टनेलमधून पलीकडं सिस्सूला जायचं, 9 किलोमीटरचा बोगदा आहे, 2020 ला सुरू झाला, पण सिस्सू 3,100 मीटरच्या आसपास आहे आणि आपण साडेपाचशे मीटरवरची माणसं, म्हणून मनालीत पोचल्यावर एक दिवस नुसता आराम करा आणि मगच वर जा. रोहतांगची खिंड 3,978 मीटरवर, जानेवारीत बर्फामुळं बंदच असतो, आणि चालू असता तरी एवढ्या लहान पोरांना मी नेलं नसतं.

बर्फात घालायचे सूट आणि गमबूट वाटेतल्या दुकानांत भाड्यानं मिळतात, मनगटाचं इलास्टिक आणि चेन तिथंच लावून बघा, बर्फ आत शिरतो तो तिथूनच. आत कॉटन घालू नका, एकदा भिजलं की वाळत नाही आणि अंग गार पडतं, थर्मल आणि वर लोकरीचा स्वेटर बास. लोकरीचे हातमोजे जरा वेळातच ओले होतात, वॉटरप्रूफच घ्या आणि एक जादा जोड बॅगेत ठेवा. आणि शू करून घेतल्याशिवाय सूट चढवायचा नाही, हे लई महत्त्वाचं!

आता खेळाचं. आपली पोरं दिवाळीत किल्ले करणारी, त्यांना बर्फाचा किल्ला करायला लावा, लई रमतात. घरातनं एक स्टीलचा डबा, छोटं खुरपं आणि दिवाळीतले दोन-चार मावळे न्या, रंगीत भडक असलेले, नाहीतर बर्फात सापडत नाहीत. सकाळी कडाक्याच्या थंडीत बर्फ रव्यासारखा भुसभुशीत असतो, कितीही दाबला तरी डबा उपडा केला की ढासळतो. अकराच्या पुढं ऊन आलं की तो जरा ओलसर होतो आणि मग बुरूज सुबक निघतो, वरच्या कडा बोटानं हळूच दाबायच्या आणि भगवा झेंडा लावायचा. मोठा बुरूज रचेल, धाकटा पाडेल, दोघांचंही समाधान.

दीड-दोन तास पुरे. मग आत बसून गरम मॅगी, बॅगेत भडंग असूद्याच, आणि पाणी मागितलं नाही तरी पाजत रहा. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, म्हणून गॉगल पाहिजेच आणि सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकाखाली पण लावा. बोटं पांढरी पडली किंवा बधिर वाटली तर लगेच आत न्या, ओले हातमोजे काढा, कोमट पाण्यात हात धरा, चोळू नका आणि शेकोटीवर तर अजिबात धरू नका. फरक पडला नाही तर सरळ डॉक्टर गाठा.

आंबा घाटात उलटी करणारं पोरगं असेल तर मनालीचा रस्ता त्याला जड जाणार, निघायच्या आधीच आपल्या मुलांच्या डॉक्टरांना औषध विचारून ठेवा. जास्त बर्फ पडला की टनेलकडं पर्यटकांच्या गाड्या सोडत नाहीत, त्यामुळं त्याच दिवशी सकाळी हॉटेलात चौकशी करा. आणि सूटचं भाडं, स्लेजचे, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीचे, पैसे सगळं वर जायच्या आधीच ठरवून घ्या, परत किती वाजता द्यायचं ते पण.