सकाळच्या शिंका : नव्याने त्रास सुरू झालेल्यांसाठी

पहाटे उठताच सलग शिंका, नाकातून पाण्यासारखा स्राव आणि नाक-डोळ्यांना खाज असा त्रास ताप किंवा अंगदुखीविना दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकला, तर ती साधी सर्दी नसून ॲलर्जी असण्याची शक्यता तुम्ही विचारात घ्यावी. घरातील नेहमीचे कारण म्हणजे गाद्या-उशांत राहणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे डस्ट माइट हे सूक्ष्म जीव. पावसाळ्याच्या दमट हवेत ते वाढतात आणि आपण मात्र पडदे झटकण्यात समाधान मानतो. उन्हात टाकल्याने गादीतील ओलावा कमी होतो, परंतु ॲलर्जी घडवणारी त्यांची विष्ठा तशीच राहते. म्हणून चादरी व अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत आणि धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

चोंदलेले नाक तत्काळ मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब मोहात पाडतात, पण ते पाच दिवसांहून अधिक वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदते. त्वचेवरील ॲलर्जी चाचणी करायची असल्यास सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची औषधे काही दिवस आधी बंद करावी लागतात; किती दिवस, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. धाप लागली किंवा ओठ-जीभ सुजली, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे.